सीटवर बसण्याआधी: खान्देशातल्या नव्या फोर्कलिफ्टवाल्यांसाठी

कापसाची बैलगाडी भरताना मागे जास्त बोजा पडला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. हे ज्याने लहानपणी पाहिलंय, त्याला फोर्कलिफ्ट अर्धी शिकवून झाली असं मी समजतो. फोर्कलिफ्टची पुढची दोन चाकं म्हणजे गाडीचा आस. पुढे फोर्कवर, म्हणजे मालाखाली शिरणाऱ्या दोन लोखंडी दातांवर, माल, मागे लोखंडाचा भलामोठा ठोकळा, म्हणजे काउंटरवेट. बैलगाडीत आसाच्या मागचा बोजा गाडी उलथवतो, इथे पुढचा. बाकी हिशोब तोच.

मी जळगावच्या एमआयडीसीत आधी हेल्पर, मग फोर्कलिफ्टवर आणि आता डिस्पॅचला आहे. दरवर्षी चोपडा, पारोळा, जामनेर, साक्री इकडची पोरं येतात. बहुतेकांनी घरचा ट्रॅक्टर चालवलेला असतो, आणि सुरुवातीचा त्रास त्या ट्रॅक्टरमुळेच होतो. ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. तुम्ही डावीकडे वळलात की तिचा मागचा भाग उजवीकडे फेकला जातो, आणि तिथेच कोणीतरी बिडी पेटवत उभा असतो. त्यामुळे पहिला आठवडा फोर्कवर काहीही न घेता, मोकळ्या आवारात, जुने ड्रम ठेवून त्यांच्यामधून नुसतं वळायचं. कंटाळा येतो. येऊ द्या. बाजूला अनुभवी माणूस उभा हवा, आणि कंपनीने रीतसर प्रशिक्षण देऊन तुमच्या नावाने लेखी परवानगी दिल्याशिवाय माल उचलायचा नाही. सुपरवायझर घाईत चावी फेकतो तेव्हा ती झेलू नका.

आधी पाटी वाचा

प्रत्येक फोर्कलिफ्टवर, बहुधा डॅशबोर्डजवळ, क्षमतेची पाटी असते. दसऱ्याला मशीनची पूजा होते, झेंडूचे हार चढतात, आणि हळदकुंकवाचे पाच बोटं नेमके त्या पाटीवर उमटतात. वर्षभरात ती पाटी वाचण्यासारखी राहत नाही. पूजा करा, पण बोटं काउंटरवेटवर उमटवा, तिथे जागाही भरपूर आहे.

पाटीवर लिहिलेलं असतं, समजा, ३००० किलो आणि ५०० मिलिमीटर. नवा माणूस पहिला आकडा वाचतो आणि म्हणतो, तीन टन उचलते. दुसरा आकडा सांगतो की मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५० सेंटीमीटरवर असेल तरच तीन टन. माल लांब असेल, मध्य ७५ सेंटीमीटरवर गेला, तर काय होतं ते हिशोब करूनच पाहू. पुढच्या चाकाच्या आसापासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंत अशा गाडीत साधारण ४८ सेंटीमीटर अंतर असतं. म्हणजे मूळ हिशोबात आसापासून मालाचा मध्य ९८ सेंटीमीटरवर. तीन हजार गुणिले ९८, भागिले १२३. उत्तर येतं सुमारे २४०० किलो. वजन एक किलोनेही वाढलं नाही, माल फक्त वीतभर पुढे सरकला, आणि सहाशे किलोची ताकद गेली. हा हिशोब समजण्यापुरता आहे, खरा आकडा तुमच्या गाडीच्या पाटीचाच धरायचा. मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा समोरचा उभा सांगाडा, जितका उंच तितकी क्षमता आणखी उतरते, आणि फोर्कवर कापसाच्या गाठी पकडायचा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, किंवा दुसरी जोडणी बसवली असेल तर तिचंही वजन वजा होतं.

एक खोड मी जवळपास प्रत्येक आवारात पाहिली आहे. माल जड निघाला, मागची चाकं हलकी वाटायला लागली, की कोणीतरी ओरडतं, ‘मागं दोन जण बसवा!’ आणि दोन हमाल काउंटरवेटवर चढून बसतात. वाईट हे, की माल खरंच उचलला जातो. म्हणून ही खोड जात नाही. पण आता गाडी तोलाच्या अगदी काठावर आहे. एक खड्डा, एक ब्रेक, आणि पुढे माल आपटतो, मागचा भाग झटक्याने वरखाली होतो, ते दोघे कुठे पडतील ते कोणाच्या हातात नसतं. मागची चाकं हलकी वाटली की माल खाली ठेवा आणि दोन फेऱ्या करा.

सकाळची दहा मिनिटं

गाडीभोवती एक चक्कर मारा. टायर, व्हीलनट, खाली तेलाचा डाग. हायड्रॉलिकच्या पाइपातून बारीक गळती दिसली तर ती बोटाने चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

फोर्क जिथे वळतो त्या कोपऱ्याकडे, म्हणजे त्याच्या टाचेकडे, खास बघा. फरशीवर घासून तो तिथेच झिजतो. जाडी एक दशांश कमी झाली की फोर्क बाद. साडेचार सेंटीमीटरचा फोर्क चारवर आला तर तो दिसायला ठणठणीत असतो, पण बदलायचाच. वेल्डिंग मारून चालवायचा नाही, गल्लीतला वेल्डर कितीही हुशार असला तरी. मास्टच्या दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या आहेत का, फोर्कच्या खिट्ट्या बसल्यात का, हॉर्न, ब्रेक, हँडब्रेक, रिव्हर्सचा आवाज, सीटबेल्ट. मग रिकामा मास्ट एकदा पूर्ण वर, एकदा खाली, एकदा पुढे-मागे झुकवून.

बॅटरीची गाडी असेल तर चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. तिथे बिडी, वेल्डिंग, काही नाही. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर भरायचं, आधी काठोकाठ भरलं तर ते आम्लासकट बाहेर येतं. डिझेलची गाडी बंद गोदामात तासन् तास चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड झालं, मळमळलं, की हे ‘ऊन लागलं’ असेलच असं नाही. बाहेर या आणि दारं उघडा.

दोष सापडला तर रजिस्टरमध्ये लिहा आणि चावी काढून घ्या. ही रोजची तपासणी वेगळी, आणि सक्षम व्यक्तीकडून होणारी मोठी तपासणी वेगळी. उचल यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा अशी तपासणी करण्याची शिस्त १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९व्या कलमापासून चालत आली आहे. तुमच्या गाडीची शेवटची तपासणी कधी झाली हे विचारायला लाजू नका.

माल काय आहे?

आपल्याकडे जिल्ह्या-तालुक्याप्रमाणे माल बदलतो, आणि मालाप्रमाणे धोका.

पीव्हीसी दाण्याच्या किंवा पावडरच्या २५ किलोच्या गोण्या पॅलेटवर, म्हणजे फोर्क आत घालता येतील अशा फळ्यांच्या चौकटीवर, लागतात. चाळीस गोण्या म्हणजे एक टन. पॅलेटची फळी तुटकी असेल तर रास मधूनच ढासळते. गोण्यांची वीण विटांच्या भिंतीसारखी हवी, एकावर एक सरळ चवड नको. जंबो बॅग, म्हणजे वर पट्ट्या असलेली भलीमोठी पिशवी, मात्र पॅलेटवर न घेता तिच्या चारही पट्ट्या फोर्कमध्ये अडकवून उचलतात. ती झोके खाते. फोर्कची धार पट्टी कापते, म्हणून धार गोल असावी किंवा तिला गुंडाळी असावी, आणि बॅग जमिनीपासून जेमतेम वर ठेवून चालण्याच्या गतीनेच न्यावी. ती धरून चालायला माणूस कधीही लावायचा नाही.

सहा मीटरचे पाइप. जळगावात ज्याने फोर्कलिफ्ट चालवली त्याने हे उचललेच आहेत. बंडल आडवं असतं, म्हणजे तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला तीन-तीन मीटर पाइप. फोर्क शक्य तितके रुंद करा, नाहीतर बंडल तराजूच्या दांडीसारखं एका बाजूला कलतं. वळताना पाइपाचं टोक तुमच्या अंदाजापेक्षा बरंच लांब फिरतं. आणि पाइप गुळगुळीत. उन्हात तापले की बांधलेल्या पट्ट्या सैल पडतात, म्हणून उचलण्याआधी पट्टी हाताने ओढून पाहायची.

जिनिंग-प्रेसिंगमधल्या रुईच्या गाठी सुमारे १७० किलोच्या. वजन फार नाही, पण गाठ दाबलेली असते. बांधलेली तार फोर्कने तुटली तर ती चाबकासारखी सुटते. आणि आग. सायलेन्सरच्या ठिणगीने रुई पेटते आणि गाठ आत धुमसत राहते, वरून विझलेली दिसते. म्हणून एक्झॉस्टला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी अडवणारा भाग, असलेली गाडीच रुईच्या गोदामात न्यावी आणि इंजिनभोवती साचलेलं रुईचं लिंट रोज झाडावं.

रावेर, सावद्याकडे केळीच्या पॅकहाउसमध्ये माल हलका, पण फरशी कायम ओली. डाळमिलमध्ये फरशीवर सांडलेले हरभरे. दोन्हीकडे ब्रेक लागतो, गाडी थांबत नाही.

उचलायचं कसं

मालासमोर सरळ या, तिरके नाही. थांबा. फोर्कमधलं अंतर मालाच्या रुंदीप्रमाणे करा. फोर्क आडवे, सपाट ठेवून आत घाला, मालाच्या लांबीच्या किमान दोन तृतीयांश तरी आत जायला हवेत, आणि माल फोर्कच्या उभ्या भागाला टेकला पाहिजे. पण फोर्क मालापेक्षा लांब असतील तर टोकं पलीकडच्या पॅलेटमध्ये घुसतात, तिकडेही लक्ष हवं.

आता फक्त चार बोटं उचला आणि थांबा. मागची चाकं जमिनीला घट्ट आहेत का? माल एका बाजूला कललाय का? आवाज वेगळा येतोय का? ठीक असेल तर मास्ट थोडा मागे झुकवा, मागे बघा, हॉर्न द्या, बाहेर काढा. मग माल जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर आणूनच निघा. माल वर धरून पळणारा ड्रायव्हर पाहायला रुबाबदार वाटतो खरा. फोर्कलिफ्टचा तोल तीन बिंदूंवर असतो, दोन पुढची चाकं आणि मागच्या आसाचा मध्य. या त्रिकोणात वजनाचा मध्य आहे तोवर गाडी उभी. माल जितका उंच, तितकं वळणावर त्याला त्रिकोणाबाहेर जायला सोपं.

पुढचं दिसत नसेल तर मान वाकडी करून चालवू नका, रिव्हर्समध्ये चालवा. उतारावर नियम लक्षात ठेवा: माल असेल तर तो नेहमी चढाकडे. म्हणजे चढताना पुढून, उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तर उलट, फोर्क उताराकडे. उतारावर वळायचं नाही, एवढंसंही नाही.

ट्रक भरताना

इथे सावकाश वाचा, कारण आमच्या आवारात जे काही वाईट घडलं ते बहुतेक ट्रकपाशीच घडलं.

माझंच सांगतो. तिसऱ्या की चौथ्या वर्षाची गोष्ट. महामार्गाला लागून असलेल्या एका कारखान्यात, संध्याकाळी, शेवटचं पॅलेट. माझे पुढचे टायर ओटा आणि ट्रक यांच्यामध्ये टाकलेल्या लोखंडी पाटावरून ट्रकमध्ये गेलेले, मागचे माल भरायच्या ओट्यावर. ट्रकवाला केबिनमध्ये बसलेला. मागून कोणीतरी दुसऱ्याच गाडीला ‘चला, झालं!’ म्हणून ओरडलं. आमच्या ट्रकवाल्याने ते स्वतःसाठी समजून गाडी सुरू केली. ट्रक हातभर पुढे सरकला असेल. पाट खाली पडला, माझी गाडी पोटावर टेकली आणि तिथेच लटकली. मी वाचलो, कारण ट्रकवाल्याने धक्का बसताच ब्रेक मारला. आणखी हातभर पुढे गेला असता तर मी खाली आणि साडेचार टनांची गाडी वर.

चूक ट्रकवाल्याची नव्हती. चाकाखाली काही नव्हतं आणि चावी त्याच्याकडेच होती. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. ट्रक लागला की इंजिन बंद, हँडब्रेक, गिअरमध्ये. मागच्या चाकांना लाकडी उटी दोन्ही बाजूंनी. चावी डिस्पॅचच्या खिळ्यावर, आणि ती भरणं संपल्यावर फोर्कलिफ्टवालाच परत देतो. ट्रकवाला केबिनमध्ये नाही, ट्रकवर नाही, मला दिसेल अशा ठरवलेल्या जागी. चहाच्या टपरीवर गेला तर आणखी चांगलं. एखादा ट्रकवाला चावी द्यायला कुरकुरतो. त्याला उभं राहू द्या, माल भरू नका. अर्ध्या तासात चावी येते.

ट्रकमध्ये आत जाणार असाल तर पाय आपटून फळ्या तपासा. तीन टनांची फोर्कलिफ्ट स्वतःच चार-साडेचार टनांची असते, त्यात माल धरा, आणि हे बहुतांश वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. जुन्या ट्रकची कुजलेली फळी ते सोसत नाही. पाट जाड, कडांना उठाव असलेला आणि ओट्याला अडकणारा हवा. ट्रकची उंची ओट्याशी जुळत नसेल तर दगड-विटा रचून जुळवू नका.

बाजूने भरत असाल, फाळका पाडून, तर पलीकडच्या बाजूला कोणी नाही हे उतरून बघा. माल आत ढकलताना पलीकडचं पॅलेट बाहेर पडतं, आणि हमाल सावलीसाठी बरोब्बर तिथेच बसतात. एकाच बाजूला सगळं भरलं की ट्रक कलतो, म्हणून डावं-उजवं आलटून पालटून. ट्रकमध्ये रास लावणारा माणूस माल आणि केबिनच्या मध्ये कधीही नको. माल टेकला, फोर्क बाहेर आले, गाडी मागे आली, मगच त्याने पुढे यायचं.

इशारा करणारा एकच. चार जण हात हलवतात तेव्हा कोणाचाच ऐकायचा नाही. पण ‘थांब’ कोणीही म्हणो, हमाल असो की मालक, लगेच थांबायचं. आमच्या जुन्या मुकादमाचं एक वाक्य आवारात सगळ्यांच्या तोंडी होतं, ‘घाई कसाले करस भो?’ ते तो मालकालाही म्हणायचा.

ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखाली, इंजिनाशेजारी बसलेल्याला ते किती वाटत असेल ते सोडा. दुपारी बारा ते चार जड माल टाळता आला तर टाळा, नाही तर दर तासाला उतरून पाणी. मात्र मला सांगायचंय ते वेगळंच. बाहेरच्या लख्ख उन्हातून गोदामाच्या अंधारात शिरता तेव्हा काही क्षण तुम्हाला काहीच दिसत नाही. आत उभ्या असलेल्याला वाटतं, ड्रायव्हरने मला पाहिलं. दारात पूर्ण थांबा, हॉर्न द्या, डोळे सरावू द्या, मग आत. गॉगल असेल तर दारातच काढा.

पायी चालणारे

हमाल, माथाडी, ट्रकचे क्लीनर, डबा घेऊन आलेला कोणाचा तरी मुलगा. आवारात या सगळ्यांसाठी पिवळ्या पट्ट्यांची वेगळी वाट असावी, आणि नसेल तर मागा. ज्याच्याशी डोळ्यांना डोळे भिडले नाहीत त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही असं धरा. उचललेल्या फोर्कखालून कोणी जायचं नाही, फोर्क रिकामा असला तरी. गाडीवर दुसरा माणूस नाही. आणि दिवाळीच्या साफसफाईत जाळी काढायला किंवा बल्ब बदलायला पॅलेटवर माणूस उभा करून वर चढवणं, हे तर नाहीच. त्या कामासाठी कठडा असलेला पिंजरा वेगळा मिळतो, आणि शिडीही असते.

गाडी उलटू लागली तर

मनात येईल, उडी मारावी. मारू नका. डोक्यावरच्या लोखंडी छपराखाली सापडतात ते बहुतेक उडी मारणारेच. बेल्ट लावलेला असू द्या, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि गाडी ज्या बाजूला पडतेय त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवा. हे सीटवर बसून चालवायच्या गाडीसाठी आहे. घरी ओट्यावर एकट्याने बसून दहा वेळा करून बघा, कारण त्या क्षणी आठवायला वेळ नसतो.

कोणी मालाखाली सापडलं तर घाबरून लगेच गाडी रिव्हर्स घेऊ नका, फोर्कही हलवू नका. आधी उतरून बघा माणूस कुठे, कसा अडकलाय. १०८ ला फोन लावा, गेटवर एकाला उभं करा, म्हणजे रुग्णवाहिका एमआयडीसीच्या सारख्या दिसणाऱ्या गल्ल्यांत फिरत बसणार नाही. प्लॉट नंबर आणि सेक्टर सगळ्यांना पाठ हवा. तो गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला तरी फोनवर सांगताना आठवत नाही.

शिफ्ट संपताना

रस्ता, दार, फायर एक्स्टिंग्विशर आणि विजेचा पॅनल अडणार नाही अशी जागा बघा, उतार नको. मास्ट किंचित पुढे झुकवून फोर्क जमिनीला पूर्ण टेकवा, अर्धवट उचललेल्या फोर्कला अंधारात नडगी लागते. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. उतरताना तोंड गाडीकडे, दोन्ही हात धरून, उडी नाही. दिवसभरात गाडीने काही वेगळं केलं असेल, ब्रेक सैल, वळताना आवाज, तर ते पुढच्या शिफ्टवाल्याला तोंडी सांगा आणि रजिस्टरमध्येही लिहा. चावी गाडीत ठेवून जेवायला गेलात तर परत आल्यावर ती कोणी चालवली हे तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून ती काढा आणि ज्याची सही असेल त्याच्याच हातात द्या.